गॅरेजमधली ऊब

"बाई, काहीतरी जळतंय."

दुसऱ्या रांगेतली चिमुरडी नाक उडवत म्हणाली, तेव्हा मी फळ्यावर अपूर्णांकांचा भागाकार करत होते. म्हटलं, शेजारी कुणी पालापाचोळा पेटवला असेल. डिसेंबरात आमच्या नाशिककडे सकाळी कोपऱ्याकोपऱ्यावर शेकोट्या असतात. "लक्ष इकडे!" असे म्हणून मी पुढचे गणित घातले. दोन मिनिटांनी तीच मुलगी पुन्हा म्हणाली, "बाई, प्लास्टिकचा वास आहे हो." मी वळले. हीटर आपला शहाण्यासारखा गरम हवा फेकत होता. पण भिंतीवरचा सॉकेट तपकिरी झाला होता आणि त्याच्या वरच्या कडेने धुराची बारीक रेघ निघत होती.

त्या खोलीत तेव्हा आठ मुले होती.

मैत्रिणींनो, पुढे काही विपरीत घडले नाही, हे आधीच सांगून टाकते. पण घडू शकले असते. ते कशामुळे टळले आणि मुळात असे का झाले, हे समजून घ्यायला मला पंधरा दिवस लागले. बी.ए.ला माझा विषय मराठी होता आणि घरातला फ्यूज गेला तरी मी "अहो, बघा ना जरा" म्हणणारी. पण ह्या पंधरा दिवसांत जे कळले ते तुमच्याही घरच्या गीझरला, इस्त्रीला आणि बाळंतिणीच्या खोलीतल्या हीटरला लागू आहे, म्हणून लिहायला बसले.

शिकवणी गॅरेजमध्ये कशी आली

दुपारी मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते आणि सकाळी साडेसहाला घरी शिष्यवृत्तीच्या मुलांची शिकवणी घेते. घरात सासूबाईंची पूजा, ह्यांची ऑफिसची घाई आणि डब्यांची गडबड, म्हणून वर्ग भरतो गॅरेजमध्ये. आमच्याकडे गाडी नाही, रात्री फक्त ह्यांची स्कूटर तिथे असते. सतरंज्या अंथरल्या, एक फळा टांगला की झाला वर्ग.

अडचण एकच, थंडीची. आमच्या जिल्ह्यातल्या निफाडला एखाद्या वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली जातो आणि द्राक्षबागांत रात्रभर शेकोट्या पेटवाव्या लागतात. नाशकात तेवढे नसले तरी पत्र्याचे शटर आणि खाली शहाबादी फरशी! मुलांची बोटे पेन्सिल धरीनात. कुणी सुचवले, "कोळशाची शेगडी ठेवा." ते मात्र मी केले नाही. बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. त्याला ना रंग ना वास, आणि माणसाला झोप लागल्यासारखे होऊन ते उठतच नाही. बंद गॅरेजमध्ये स्कूटर चालू ठेवली तरी तोच वायू. विजेच्या हीटरला ही भीती नाही, म्हणून दोन हजार वॅटचा पंख्याचा हीटर आणला. त्याच्यावर थर्मोस्टॅटची गोल कळ होती. दुकानदार म्हणाला, "ताई, खोली गरम झाली की आपोआप बंद होतो. काळजीच नाही."

ह्या 'आपोआप' शब्दावर मी निर्धास्त राहिले.

त्या दिवशी मी काय केले

धूर दिसताच मी प्लग ओढायला हात पुढे केला होता, पण धग लागून तो मागे आला. ते बरेच झाले. तापलेला, वितळलेला प्लग हाताने उपटायचा नसतो. आधी वीज मुळापासून बंद करायची. मी मुलांना म्हटले, "दप्तरं तिथंच ठेवा आणि अंगणात जा," आणि धावत जाऊन घरातला मेन स्विच पाडला. देवघरातून सासूबाई ओरडल्या, "अगं, दिवे का घालवलेस?" मग प्लग थंड होईपर्यंत मी वाळूची बादली घेऊन उभी राहिले. विजेच्या आगीवर पाणी टाकायचे नाही, एवढे शाळेतले आठवत होते.

मुले शटरखालून बाहेर पडली. पण शटर थंडीमुळे तीन-चतुर्थांश खाली ओढलेले होते आणि हीटर नेमका त्याच वाटेवर ठेवला होता. आग हीटरलाच लागली असती तर ही मुले कुठून बाहेर पडली असती? त्या रात्री मला झोप आली नाही ती ह्या एका विचाराने.

"तार काय सांगते ते ऐका"

आमच्या समोर वीज मंडळातून निवृत्त झालेले एक काका राहतात. ऐन उमेदीत खांबावर चढलेले, आता बागेत रमलेले. त्यांना बोलावले. त्यांनी सॉकेट उघडला, काळा पडलेला पितळी भाग माझ्या हातावर ठेवला आणि विचारले, "मास्तरीणबाई, दोन हजाराला दोनशे तीसने भागा बघू."

मी भागले. आले ८.७.

"हे झाले अँपिअर. म्हणजे तारेतून वाहणारा विजेचा प्रवाह. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट येतात. उपकरणाच्या वॅटला २३० ने भागलं की त्याला किती अँपिअर लागतात ते कळतं. आता हा सॉकेट बघा. लहान, पाच अँपिअरचा. दिवा, पंखा, रेडिओ ह्यांच्यासाठी. पाच गुणिले २३० म्हणजे साडेअकराशे वॅट ही त्याची ताकद. तुम्ही त्याच्यावर दोन हजार घातले."

"पण हीटरचा प्लग मोठ्या पिनांचा होता, तो ह्यात बसला कसा?" हे त्यांनी विचारले नाही, मीच कबूल केले. मोठ्या पिनांचे लहान करणारा जो प्लग मिळतो, बाजारात ज्याला कन्व्हर्टर म्हणतात, तो मी आणला होता. मोठा प्लग लहान सॉकेटात जात नाही ही अडचण नसून सूचना असते, हे मला तेव्हा कळले. सोळा अँपिअरचा, म्हणजे पूर्वी ज्याला पंधराचा म्हणत तो मोठा सॉकेट वेगळ्या मापाचा करतात, तो जड उपकरण चुकून लहान ठिकाणी लागू नये म्हणूनच.

काकांनी आणखी एक हिशेब सांगितला. प्रवाह दुप्पट झाला की तारेत निर्माण होणारी उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. त्यात सॉकेटाची पकड ढिली असेल तर सगळी धग त्या एका ठिकाणी साठते. आमच्या सॉकेटात वर्षानुवर्षे इस्त्रीपासून मिक्सरपर्यंत सगळे घालून-काढून त्याची पकड सैल झालेलीच होती.

मग एमसीबी का पडला नाही?

हा माझा मोठा प्रश्न होता. घर बांधताना आम्ही जुने फ्यूज काढून एमसीबी बसवले, तेव्हापासून 'आता भीती नाही' असे आम्ही धरून चाललो होतो.

काका म्हणाले, "एमसीबीला तारेतला प्रवाह कळतो, सॉकेटची धग कळत नाही. तुमच्या त्या लाइनवर सोळा अँपिअरचा एमसीबी आहे. प्रवाह होता पावणेनऊच्या आसपास. त्याच्या दृष्टीनं सगळं ठीक चाललं होतं! आणि गॅरेजची तार आहे एक चौरस मिलिमीटरची, दिव्याची. बारीक तारेवर मोठा एमसीबी म्हणजे शेळीला बैलाची वेसण."

एमसीबी तारेच्या जाडीला साजेसा हवा. जुन्या घरांत अजून चिनी मातीचे फ्यूज आहेत. तिथे सारखा फ्यूज जातो म्हणून जाड तार बांधायची सवय असते, तीही ह्याच जातीची चूक. फ्यूज सारखा जात असेल तर तो काहीतरी सांगतो आहे. त्याचे तोंड बंद करू नये.

दुसरी गोष्ट अशी की, एमसीबी तारेला आगीपासून वाचवतो, माणसाला धक्क्यापासून नाही. माणसाला वाचवणारे साधन वेगळे, त्याला आरसीसीबी म्हणतात. गेलेली वीज आणि परत आलेली वीज ह्यांचा हिशेब तो सतत ताडून पाहतो. ३० मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरच्या शंभराव्या भागाच्या तिप्पट एवढी वीज जरी कुणाच्या अंगातून जमिनीत जाऊ लागली, तरी तो डोळ्याचे पाते लवायच्या आत पुरवठा तोडतो. त्याच्यावर 'टी' लिहिलेले एक बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून तो पडतो का हे पाहायचे. मी आता गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारीच कॅलेंडरवर ती खूण करून ठेवते.

थर्मोस्टॅट म्हणजे पहारेकरी नव्हे

आणि तो 'आपोआप बंद होणारा' थर्मोस्टॅट? त्याने आपले काम चोख केले होते. चूक माझ्या समजुतीत होती.

आपल्या इस्त्रीत थर्मोस्टॅट असतोच. इस्त्री तापली की 'टक्' असा आवाज होऊन दिवा जातो, निवली की पुन्हा लागतो. बऱ्याच साध्या थर्मोस्टॅटच्या आत दोन वेगवेगळ्या धातूंची एकमेकींना चिकटवलेली पट्टी असते. तापल्यावर एक धातू जास्त प्रसरण पावतो, दुसरा कमी. त्यामुळे पट्टी वाकते आणि जोड सुटतो. म्हणजे त्याला फक्त स्वतःभोवतीचे तापमान कळते. भिंतीवरचा सॉकेट जळतो आहे, तार वितळते आहे, हे त्याला कळायचा मार्गच नाही.

आमच्या गॅरेजमध्ये तर शटरच्या खालून चार बोटे फट. जेवढी हवा गरम व्हावी तेवढी बाहेर जायची. खोली मी ठरवलेल्या तापमानाला कधी पोचलीच नाही, म्हणून थर्मोस्टॅटने हीटर कधी तोडलाच नाही. दीड तास एकसारखा ८.७ अँपिअर त्या सैल सॉकेटातून वाहत राहिला. खोली ऊबदार असती तर हीटर मधूनमधून थांबला असता आणि सॉकेटाला निवायला सवड मिळाली असती. फटीचा असा हिशेब माझ्या डोक्यात कधी आला नव्हता.

नवी मांडणी

खर्च माझ्या दोन महिन्यांच्या शिकवणीएवढा आला. हे म्हणाले, "त्यापेक्षा मुलांना स्वेटर घालून यायला सांग." सासूबाई मात्र म्हणाल्या, "लोकांची पोरं आहेत. कर म्हणते ती." मग परवानाधारक वायरमन बोलावला आणि काकांना शेजारी खुर्ची टाकून दिली. वायरिंगला स्वतः हात लावायचा नाही, हे मी पहिल्यापासून ठरवले होते. पण काय चालले आहे ते समजून घ्यायला कुणाची ना नाही. केले ते असे.

आधी स्कूटर आणि तिच्यासाठी ठेवलेला पेट्रोलचा कॅन गॅरेजमधून कायमचे बाहेर काढले. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते. थर्मोस्टॅटचा जोड सुटताना-लागताना आत बारीक ठिणगी पडते. रात्रभर स्कूटर ठेवलेल्या खोलीत मी पहाटे जमिनीवर हीटर लावत होते, हे ऐकून काका बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग मुख्य बोर्डापासून गॅरेजपर्यंत स्वतंत्र लाइन ओढली. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, पाइपातून. ह्या लाइनवर दुसरे काहीही नाही. तिला १६ अँपिअरचा एमसीबी आणि त्याच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. काकांचा नियम असा की, तासन्तास चालणाऱ्या उपकरणाच्या अँपिअरला सव्वाने गुणायचे. ८.७ चे होतात साधारण ११, म्हणजे १६ च्या आत आरामात. विजेच्या बिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो, तोही पाहून घेतला. घरातला गीझर, पाण्याची मोटर आणि हा हीटर एकदम चालू झाले तर पुरवठा पुरेल का, हा विचार आधीच करायचा असतो.

तिसरी गोष्ट अर्थिंगची. नव्या लाइनची हिरवी तार थेट अर्थिंगपर्यंत नेऊन तपासून घेतली. तीन पिनांच्या प्लगातली वरची पिन लांब आणि जाड असते, ती सर्वांत आधी जोडली जावी म्हणून. ती कापून टाकणारे किंवा दोन पिनांवर काम भागवणारे कारागीर मी पाहिले आहेत. हीटरच्या धातूच्या अंगात वीज उतरली तर तिला जमिनीकडे न्यायची हीच एक सुरक्षित वाट. ती तोडली की ती वाट आपल्या अंगातून जाते.

त्यानंतर जमिनीवरचा हीटर बाद केला. मला वाटले होते, भिंतीवर एक थर्मोस्टॅट बसवून हाच हीटर त्याला जोडावा. काकांनी साफ नकार दिला. "हलता हीटर बाहेरच्या थर्मोस्टॅटला कधी जोडू नका. तुम्ही खोलीत नसाल, कुणाचा स्वेटर त्याच्यावर पडलेला असेल आणि थंडी वाढली की तो आपोआप सुरू होईल." म्हणून भिंतीत पक्का बसवायचा, तेवढ्याच वॅटचा, आयएसआय खूण असलेला नवा हीटर घेतला. तो शटरच्या वाटेपासून दूर, पुढे तीन फूट मोकळी जागा ठेवून बसवला. त्याच्याजवळ सतरंजी नाही, पडदा नाही, दप्तर नाही.

भिंतीवरचा थर्मोस्टॅट २३० व्होल्ट आणि १६ अँपिअर सोसणारा घेतला. ही अक्षरे त्याच्या अंगावर छापलेली असतात, ती हीटरच्या प्रवाहापेक्षा जास्त हवीत. तो बसवला घराकडच्या आतल्या भिंतीवर, पाच फुटांवर. हीटरच्या झोतात बसवला तर तो लगेच तोडतो आणि मुले कुडकुडत राहतात. शटरजवळ बसवला तर कधीच तोडत नाही आणि बिल फुगते.

जोडणी अशी: एमसीबीतून आलेली फेजची तार आधी स्विचला, मग थर्मोस्टॅटला आणि मग हीटरला. न्यूट्रल स्विचमधून सरळ हीटरला. अर्थिंग कुठेही न तोडता सरळ. साधा थर्मोस्टॅट एकच तार तोडतो, म्हणून तो फेजमध्येच हवा. उलटसुलट झाले तर हीटर बंद दिसतो पण त्याच्या आत वीज असतेच. ह्यासाठी शेवटी टेस्टर लावून बघायला मी सांगितले, आणि वायरमनने थोडे तोंड वाकडे करून का होईना, दाखवले. स्विचही दोन्ही तारा एकदम तोडणारा, डबल पोलचा घेतला. कारण बऱ्याच थर्मोस्टॅटांच्या गोल कळीला 'बंद' अशी जागाच नसते. ती सर्वांत खाली फिरवली तरी कडाक्याच्या थंडीत हीटर सुरू होऊ शकतो. वर्ग सुटला की मी स्विच बंद करते, कळीवर विसंबत नाही.

आणि सर्वांत स्वस्त काम शेवटी. शटरच्या खालच्या कडेला रबरी पट्टी लावली, सतरंजीखाली जुनी पोती घातली. आता वीस-पंचवीस मिनिटांत 'टक्' ऐकू येते. दोन हजार वॅटचा हीटर तासभर सतत चालला तर दोन युनिट वीज खातो. तो जितका वेळ थांबतो तितकी बचत. वर्ग चालू असताना घरातून गॅरेजमध्ये येणारे दार आतून कधीही कडी लावून बंद करायचे नाही, हाही आता नियम आहे.

माझी धाकटी बहीण अमेरिकेत मिशिगनला असते. तिथे बऱ्याच घरांच्या गॅरेजात असे पक्के हीटर असतात. तिला फोनवर हे सांगितले तर म्हणाली, तिचा हीटर पाच हजार वॅटचा, २४० व्होल्टवर. मी लगेच भागाकार केला. जवळजवळ २१ अँपिअर, सव्वाने गुणून २६, म्हणजे ३० चा ब्रेकर. "बरोब्बर तीसचाच आहे गं!" ती चकित झाली. फरक इतकाच की तिथे २४० व्होल्टच्या दोन्ही तारांत वीज असते, म्हणून दोन्ही तारा तोडणारा थर्मोस्टॅट लावणे बरे.

सांगावे की न सांगावे

एक गोष्ट राहिली. त्या सकाळी मुलांना मी म्हटले होते, "जरा प्लग खराब झालाय, आज लवकर सुट्टी." पालकांना काहीच सांगितले नाही. दोन दिवस तशीच राहिले. वाटे, कशाला बोभाटा? मुले काढून घेतील, नाव जाईल. तिसऱ्या दिवशी ती चिमुरडी फाटकातच थांबली. म्हणाली, "बाई, आज वास येणार नाही ना?"

त्या संध्याकाळी मी सगळ्या पालकांना बोलावले. जळका सॉकेट ताटलीत ठेवून दाखवला आणि झाले ते सांगितले. काम पूर्ण होईपर्यंत वर्ग आमच्या बैठकीत होईल, ज्यांना मूल काढायचे असेल त्यांनी खुशाल काढावे, असेही म्हटले. खोलीत कुणी बोलेना. मग एक आई म्हणाली, "बाई, तसला कन्व्हर्टर आमच्या गीझरला आहे." दुसरीच्या घरी पाण्यात सोडायची सळी एक्स्टेन्शनवर चालत होती. तिसरीकडे आरसीसीबी होता, पण त्याचे बटण आजवर कुणी दाबले नव्हते. मूल कुणीच काढले नाही. काकांना मात्र त्या आठवड्यात बागेकडे बघायला फुरसत मिळाली नाही.

आज घरात एवढे पाहा

• गीझर, इस्त्री, हीटर, पाण्याची सळी: प्रत्येकाचे वॅट वाचा, २३० ने भागा. उत्तर पाचाच्या वर गेले तर लहान सॉकेट नको.

• जड उपकरण एक्स्टेन्शनवर किंवा कन्व्हर्टरवर चालवू नका. गुंडाळी केलेली वायर तर आणखीच तापते.

• उपकरण बंद करून, प्लग काढल्यावर पिनांना हात लावून पाहा. चटका बसला तर सॉकेट बदलायची वेळ झाली.

• पाण्यातल्या सळीचा स्विच बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका.

• हीटरवर कपडे वाळत घालू नका, आणि हीटर चालू ठेवून झोपू नका.

• मेन स्विच कुठे आहे आणि कसा पाडायचा, हे घरातल्या प्रत्येकाला, मुलांनाही, दाखवून ठेवा.

आणि हो, मूल म्हणाले की वास येतोय, तर हातातला खडू खाली ठेवा. मी दोन मिनिटे उशिरा ठेवला. तो जळका सॉकेट अजून फळ्याशेजारच्या खिळ्याला टांगलेला आहे. काढून टाका म्हणून हे मागे लागतात, पण राहू दे. अपूर्णांक शिकवताना मधूनच माझी नजर तिकडे जाते, आणि मी एकदा नीट श्वास घेऊन पाहते.